जादा चाकाची जागा

जुनी गाडी दुरुस्तीला आली की मी बॉनेटच्या आधी डिकी उघडतो. इंजिन कधीतरी बदललेलं असू शकतं, रंग तर हमखास बदललेला असतो. पण स्टेपनी कुठे आणि कशी बसवली आहे, जॅक आवळलेला आहे की सुटा पडला आहे, पान्याची क्लिप जागेवर आहे का, हे पाहिलं की गाडी किती जीव लावून सांभाळली आहे ते समजतं. ती कोणत्या काळात घडली, त्याचाही अंदाज येतो.

सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नव्हतंच. लाकडी आऱ्यांची चाकं सहज निघत नसत. रस्ते घोड्यांचे, त्यामुळे नालांचे खिळे जागोजागी पडलेले. पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला टायर उचकटायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं आणि हातपंपाने हवा भरायची. १९०४ मध्ये वेल्समधल्या लानेली गावात, स्टेपनी स्ट्रीटवर, थॉमस मॉरिस डेव्हिस आणि वॉल्टर डेव्हिस या भावांनी त्यावर तोड काढली. टायर चढवून हवा भरलेली, आरे नसलेली रिम त्यांनी तयार केली. पंक्चर झालेलं चाक तसंच ठेवून ही रिम त्याच्या कडेला क्लॅम्पनी आवळायची आणि पुढे निघायचं. दोन वर्षांनी ले मान्सला पहिली फ्रेंच ग्राँ प्री शर्यत झाली. बरेच चालक टायर सुरीने कापून काढत होते, तेव्हा रेनोच्या फेरेन्स सिसला मिशेलिनच्या सुट्या होणाऱ्या रिमचा आधार होता. तोच जिंकला.

मग प्रश्न आला जागेचा. आधी चाक फूटबोर्डवर बांधलं जाई, पण तिथे ते दाराच्या आड येई. म्हणून पुढच्या मडगार्डमध्ये खोलगट जागा करून ते उभं बसवू लागले. मोठ्या, महागड्या गाड्यांना दोन्ही बाजूंना एकेक चाक, त्यावर धातूचं झाकण आणि वर पट्ट्याने बांधलेला आरसा. संस्थानिकांच्या गाड्यांच्या जुन्या छायाचित्रांत ही चाकं ठळक दिसतात. १९३० च्या दशकात गाडीचा मागचा भाग बंद पेटीसारखा झाला आणि चाक हळूहळू आत गेलं.

आत गेल्यावर प्रत्येक कारखान्याने आपापली अक्कल लढवली. १९५५ च्या सिट्रोएन डीएसमध्ये चाक बॉनेटखाली, रेडिएटरच्याही पुढे आहे. सगळी डिकी सामानाला मोकळी. फोक्सवॅगन बीटलचं इंजिन मागे, म्हणून चाक पुढच्या झाकणाखाली. १९६० च्या दशकातल्या बीटलमध्ये समोरच्या काचेवर पाणी उडवायला त्याच चाकातली हवा वापरली जाई, आणि टायर पार रिकामा होऊ नये म्हणून मध्ये झडप बसवलेली असे. म्हणजे त्या गाडीत स्टेपनीची हवा तपासणं हा रोजच्या वापराचाच भाग झाला. त्याच काळातल्या अनेक अमेरिकन गाड्यांत जॅक आणि चाक आकड्यासारख्या वाकवलेल्या लांब बोल्टने आणि पंखवाल्या नटाने डिकीच्या तळाशी आवळलेले असत. कुठला भाग कशावर ठेवायचा, याचं चित्र झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असे.

हे कागद, क्लिपा, नट मला इंजिनाइतकेच मोलाचे वाटतात. पत्र्याचं काम करताना कुणीतरी जॅकचा ब्रॅकेट कापून टाकतो, मग जॅक सुटाच राहतो. प्रत्येक खड्ड्याला तो आदळतो, आतला रंग खरवडतो, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज धरतो. बीटलचा मूळ जॅक फूटबोर्डजवळच्या चौकोनी खाचेत बसतो. तो हरवून दुसऱ्या गाडीचा ठेवला, तर ऐन वेळी गाडी उचलायला धड आधार मिळत नाही.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. गाडी रंगाला देण्याआधी स्टेपनी आणि जॅकच्या जागेचे फोटो काढा. जुना ब्रॅकेट गंजला असेल तर त्याच मापाचा नवा करून घ्या. रबरी मॅट उचलून खालचा पत्रा कोरडा आहे ना, पाहा. स्क्रू जॅकच्या आट्यांना ग्रीस लावा. बॉटल जॅक असेल तर तो उभाच बांधा. स्टेपनीच्या टायरवर चार आकडी तारीख असेल तर ती वाचा, कारण न वापरलेलं रबरही वयाने कडक होतं. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे.

चाक बदलता यावं यासाठी अनेक कारागिरांनी डोकं खपवलं. आपण गाडी जपतो म्हणतो, तेव्हा त्यांनी ठरवलेली ही जागासुद्धा जपायला हवी.