नवधावकांचा आहार व वजननियंत्रण

नवधावकांचा आहार व वजननियंत्रण हा क्रीडापोषण आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्ही क्षेत्रांशी संबंधित विषय आहे. प्रौढ वयात, बहुधा वजन कमी करण्याच्या हेतूने, प्रथमच धावू लागलेल्या व्यक्तीने काय, किती व केव्हा खावे याचा विचार त्यात होतो. धावू लागले की वजन आपोआप उतरते, ही समजूत सर्वत्र आढळते; प्रत्यक्षात आरंभीच्या आठवड्यांत वजन उतरणे मुख्यतः आहारावरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखातील आहाराची उदाहरणे परभणी जिल्ह्यातील आहेत. ज्वारी, डाळी व पालेभाज्या यांवर आधारलेला तेथील पारंपरिक आहार या प्रयोजनास बव्हंशी अनुकूल आहे.

धावण्याचा कार्यक्रम

नवशिक्यांसाठीचा सर्वाधिक प्रचलित कार्यक्रम 'काउच टू फाइव्ह के' या नावाने ओळखला जातो. जॉश क्लार्क या अमेरिकी धावकाने तो १९९६ मध्ये आखला; पुढे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनेही तो स्वीकारला. कार्यक्रम ९ आठवड्यांचा असून आठवड्यातून ३ दिवस धावायचे असते. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटे भरभर चालल्यानंतर ६० सेकंद धावणे व ९० सेकंद चालणे असा क्रम २० मिनिटे चालतो. म्हणजे प्रत्यक्ष धावणे अवघे ८ मिनिटांचे होते. नवव्या आठवड्यात सलग ३० मिनिटे धावता यावे, अशी अपेक्षा असते. मधले विश्रांतीचे दिवस गाळू नयेत. दम लवकर वाढतो, पण स्नायुबंध व सांधे सावकाश तयार होतात आणि बहुतेक दुखापती या तफावतीतून उद्भवतात.

ऊर्जेचा हिशेब

धावताना शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. ७० किलोग्रॅम वजनाची व्यक्ती ५ किलोमीटर धावली तर सुमारे ३५० किलोकॅलरी खर्च होतात. पहिल्या आठवड्यांतील चालण्या-धावण्यात हा खर्च एका दिवसाला १५० ते २०० इतकाच असतो. शरीरातील १ किलोग्रॅम चरबी म्हणजे सुमारे ७,७०० किलोकॅलरी. त्यामुळे आहार न बदलता पहिल्या महिन्यात पाव किलोच्या आसपासच वजन उतरते आणि पाण्याच्या दैनंदिन चढउतारात ते काट्यावर दिसतही नाही. अनेक जण नेमके याच टप्प्यावर निराश होऊन धावणे सोडतात.

उलट बाजूस, दूध व दोन-तीन चमचे साखर घातलेला चहा ८० ते १०० किलोकॅलरी देतो. गावाकडे पाहुणचाराचे असे चार कप सहज होतात, आणि तेवढ्यात संपूर्ण ५ किलोमीटरची कमाई संपते. शेंगदाण्याची चटणी, ठेच्यावरील तेल, फरसाण यांचेही तसेच. शेंगदाणे पौष्टिक खरे, पण १०० ग्रॅममागे ते ५०० हून अधिक किलोकॅलरी देतात. ते मुठीने नव्हे, चमच्याने मोजावेत.

ज्वारी व परभणी

ज्वारीच्या १०० ग्रॅम धान्यातून सुमारे ३३५ किलोकॅलरी, १० ग्रॅम प्रथिने व तितकाच तंतुमय भाग मिळतो. ऊर्जेच्या बाबतीत ती गव्हाहून फारशी हलकी नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. 'भाकरीने वजन वाढत नाही' हे म्हणणे भाकरींच्या संख्येवर अवलंबून आहे. भाकरी तेलाशिवाय भाजली जाते आणि पोट अधिक काळ भरलेले ठेवते, हा तिचा खरा लाभ. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. ती उणीव तुरीचे वरण, पिठले किंवा मटकीची उसळ भरून काढते. प्रौढास शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ७० किलोग्रॅम वजनाच्या व्यक्तीस ती सुमारे ५८ ग्रॅम होतात; तीन भाकरींतून त्यांपैकी १५ ग्रॅमच मिळतात.

परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ व हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थांनी विकसित केलेला 'परभणी शक्ती' हा ज्वारीचा जैवसमृद्ध वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. त्यात दर किलोग्रॅमला सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. सामान्य वाणांत हेच प्रमाण अनुक्रमे ३० व २० च्या आसपास आहे. रक्तक्षय असल्यास धावताना लवकर थकवा येतो, म्हणून स्त्रियांच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा ठरतो. धान्यातील लोह शोषले जाण्यास लिंबू साहाय्यक असते, तर जेवणालगतचा चहा मारक.

जेवणाच्या वेळा

या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठा वाद झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारित पद्धतीचा प्रसार करणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित दिवसातून दोनच वेळा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याचा आणि ४५ मिनिटांत ४.५ किलोमीटर चालण्याचा सल्ला देतात. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या अंतराने स्थानिक, पारंपरिक अन्न खाण्यावर आहे. नवधावकास यांतील जी पद्धत महिनोन्‌महिने पाळता येईल ती उपयोगी. साखर व अवेळी खाणे घटणे हा दोन्हींतील समान लाभ आहे. अर्ध्या तासाच्या धावण्यासाठी आधी वेगळे खाण्याची गरज सहसा भासत नाही.

हवामान व दक्षता

परभणीत एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, त्यामुळे धावणे सूर्योदयापूर्वी किंवा त्या सुमारास उरकावे लागते. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा पायाला चिकटतात व घसरतात. तेव्हा पक्का रस्ता बरा. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना उपाशीपोटी धावू नये व जेवणांची संख्याही घटवू नये. धावताना छातीत दुखणे, भोवळ येणे किंवा असाधारण धाप लागणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.