उरलेल्या वाटेचा हिशेब

ट्रंक कॉलच्या काळात भारतातील टेलिफोन-ग्राहकाला तीन शब्द पाठ असत : साधा, अर्जंट आणि लाइटनिंग. तार एक, ताटकळणारे अनेक. तेव्हा कोणाचे बोलणे आधी जोडावयाचे हे दरावरून ठरे. 1980 नंतरच्या दशकात आवाज, चित्र आणि संगणकाचा मजकूर एकाच मार्गावरून नेण्याचा बेत देशोदेशींच्या दूरसंचार-खात्यांनी आखला, आणि हाच जुना प्रश्न नव्या वेषात पुढे आला.

1988 साली सी.सी.आय.टी.टी. या आंतरराष्ट्रीय संस्थेने या विस्तीर्ण जाळ्यासाठी ए.टी.एम. ही पद्धत स्वीकारली. (पैसे देणाऱ्या यंत्राशी तिचा नामसाधर्म्यापलीकडे संबंध नाही.) हिच्यात सर्व मजकुराचे सारख्या मापाचे लहान तुकडे, म्हणजे सेल, करीत. सेल केवढा असावा यावरूनच प्रथम वाद माजला. अमेरिकेचा आग्रह 64 बाइटांचा, युरोपचा 32 चा. टेलिफोनवरील आवाजाने 32 बाइट भरण्यास 4 मिलिसेकंद लागतात, 64 भरण्यास 8. आणि एवढ्या विलंबाने फ्रान्ससारख्या देशाला प्रतिध्वनी आवरणारी खर्चिक यंत्रे बसवावी लागली असती. अखेर 1989 मध्ये मधला 48 हा आकडा ठरला; शीर्षकाचे 5 मिळून 53. अशी तडजोड राजकारणात शोभावी. यंत्रात ती खटकते.

वचन दिले की घेणाऱ्यावर लक्षही ठेवावे लागते. त्यासाठी जोनाथन टर्नर या अमेरिकन अभियंत्याने 1986 साली ‘गळक्या बादली’ची युक्ती मांडली होती. शंकराच्या पिंडीवरील अभिषेकपात्र आठवावे : ओतणारा कितीही घाईने ओतो, खालची धार आपल्या गतीनेच गळते, आणि पात्र काठोकाठ भरल्यावर जास्तीचे बाहेर सांडते. तसा जास्तीचा सेल सांडून द्यावयाचा.

आवाज आणि चित्र यांचे वर्ग यावर बेतता आले. खरी अडचण संगणकाची. तो घटकाभर गप्प असतो, आणि मग एकदम पूर आणतो. त्याच्यासाठी ‘ए.बी.आर.’ नावाचा वर्ग योजला : मानकऱ्यांचे झाल्यावर जे उरेल ते. पण उरले किती, हे दूरवरच्या पाठविणाऱ्याला कळावे कसे?

यावर ए.टी.एम. फोरममध्ये वर्षाहून अधिक काळ दोन पक्ष झुंजले. हार्वर्डचे एच. टी. कुंग यांचा पक्ष उधारीचा : पुढच्या स्विचने जागा रिकामी असल्याचे कळविले, तेवढेच सेल सोडावयाचे. यात एकही सेल हरवत नसे. परंतु प्रत्येक जोडणीची रांग वेगळी ठेवावी लागे, आणि लांब पल्ल्यावर साठवणही अफाट लागे. दुसरा पक्ष गतीचा. दर 32 सेलांमागे एक जासूद निघावयाचा. तो मुक्कामी पोचून परतावयाचा, आणि आपल्याला किती गती पेलेल ते वाटेतील स्विचांनी त्याच्यावर लिहावयाचे. सप्टेंबर 1994 मध्ये मतदान होऊन गतीचा पक्ष जिंकला. प्रत्येकाचा न्याय्य वाटा काढण्याचे गणित बसविणाऱ्यांत ओहायो स्टेट विद्यापीठातील भारतीय वंशाचे राज जैन अग्रभागी होते. नियमावली 1996 साली प्रसिद्ध झाली.

तोवर निकाल दुसरीकडेच लागत होता. ऑक्टोबर 1986 मध्ये इंटरनेटवर कोंडी होऊन बर्कले येथील प्रयोगशाळा व विद्यापीठ यांच्यामधल्या 400 यार्डांच्या अंतरावर सेकंदाला 32,000 बिटांचा वेग 40 बिटांवर आला होता. व्हॅन जेकबसन यांनी 1988 साली त्यावर उपाय मांडला : मजकूर हरवला की वाट तुंबली असे समजून पाठविणाऱ्याने आपणच सावकाश व्हावे. येथे वर्ग नव्हते, वचन नव्हते, जासूदही नव्हता. ही व्यवस्था ओबडधोबड खरी; पण ती चालवावयाला कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागली नाही. स्वस्त इथरनेट जोडीला येताच ए.टी.एम. कचेऱ्यांतून मागे हटले.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारांत मात्र ते टिकून राहिले. 2005 साली बी.एस.एन.एल.चे ब्रॉडबँड घरोघरी आले, तेव्हा मोडेम बसविताना 0 आणि 35 हे आकडे भरावे लागत, ते ए.टी.एम.च्या मार्गाचे क्रमांक होत. त्याच पडद्यावर वाहतुकीचा वर्गही विचारलेला असे, आणि तेथे बहुधा आधीच निवडलेला असे तो यू.बी.आर. – कसलेही वचन नसलेला.