मळून, किसून, चाखून शिकायचं: ज्यू बालवाडीत मुलं नेमकं काय करतात?

तीन-चार वर्षांच्या मुलाच्या हातात आधी पुस्तक द्यायचं की कणकेचा गोळा? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं या वयाला 'पायाभूत स्तर' म्हटलं आणि खेळ व कृतीतून शिकण्यावर भर दिला. त्यामुळे आज सांताक्रूझ असो की सोलापूर, नर्सरी चालवणारे सगळेच 'ॲक्टिव्हिटी'बद्दल बोलतात.

ज्यू समाजात ही पद्धत बरीच जुनी आहे. तिचा एक धागा थेट कोकणातून आणि मराठी स्वयंपाकघरातून जातो. कसा, ते पाहू.

ज्यू बालवाडीत सण हाच अभ्यासक्रम का असतो?

ज्यू परंपरेत बऱ्याच गोष्टी मुलांना हाताळायला, चाखायला देऊनच शिकवल्या जातात. युरोपातल्या ज्यू समाजात मध्ययुगापासून एक प्रथा होती. मूल पहिल्यांदा शिकायला बसलं की हिब्रू अक्षरांवर मध लावून ते त्याला चाटायला द्यायचे. शिकणं गोड असतं, हे त्याला आधी जिभेवर कळायचं.

पेसाख या सणाच्या जेवणात तर घरातलं सगळ्यात लहान मूल चार प्रश्न विचारतं आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायची असतात. ताटातला प्रत्येक पदार्थ इजिप्तमधल्या गुलामगिरीच्या आणि सुटकेच्या गोष्टीतला एकेक भाग सांगतो. खारं पाणी म्हणजे अश्रू, कडू भाजी म्हणजे गुलामगिरीचा कडवटपणा. जेवण संपेपर्यंत मूल जागं राहावं म्हणून बिनखमिराच्या भाकरीचा एक तुकडा लपवून ठेवतात आणि तो शोधायचा खेळ असतो.

जगभरातल्या ज्यू बालवाड्यांनी हेच वर्गात आणलं.

वर्गात कोणत्या कृती होतात?

- पाव विणणं: शब्बाथ म्हणजे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस. त्यासाठी मुलं 'खल्ला' या पावाचं पीठ मळतात आणि त्याच्या लांब वळ्या करून वेणी घालतात. बोटांना ताकद येते आणि पीठ फुगेपर्यंत थांबायची सवय लागते.
- दिवे मोजणं: हनुक्का हा आठ रात्रींचा सण. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे दिवे वाढत जातात. शिवाय रोज एक वेगळा 'मदतनीस' दिवा असतो. आठ रात्रींचे मिळून ४४ दिवे होतात. बेरजेचा धडा वेगळा घ्यावा लागत नाही.
- मांडव उभारणं: सुक्कोथला फांद्या-पानांचं छप्पर असलेला मांडव घालतात. छपरातून आकाश दिसायला हवं, असा दंडक आहे. किती पानं टाकली की सावली पडेल आणि तारेही दिसतील, हे मुलं करून बघतात.
- वास ओळखणं: शब्बाथ संपताना लवंग-दालचिनीसारख्या मसाल्यांचा वास घेतात. वर्गात त्याचा डोळे मिटून ओळखायचा खेळ होतो.
- नाणं टाकणं: दानाच्या डब्यात मूल स्वतःच्या हाताने नाणं टाकतं.

यात महाराष्ट्र कुठून आला?

बेने इस्रायल हा मराठी बोलणारा ज्यू समाज. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज इथे पोचले, असं ते परंपरेने सांगतात. कोकणात ते तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. आडनावंही गावांवरून आली: दिवेकर, केहिमकर, रोहेकर.

मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधलं. त्याआधी अनेक पिढ्या या समाजाकडे ना प्रार्थनामंदिर होतं, ना हिब्रू शिकवणारी शाळा. तरीही शनिवारची विश्रांती, खाण्यापिण्याचे नियम, 'शेमा' ही प्रार्थना आणि अनेक सण टिकले. ते घरात टिकले, चुलीपाशी. सणांची नावंच बघा: वर्षारंभाचा 'नव्याचा सण', 'खिरीचा सण', 'बिरड्याचा रोजा'. योम किप्पुरला दारं लावून घरात बसायचं, म्हणून तो 'दारफळणीचा सण'. वाचता न येणाऱ्या मुलालाही लक्षात राहतील अशी ही नावं आहेत.

पुढे १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. तीच आजची माझगावची सर एली कदूरी शाळा. आता तिथे बहुसंख्य मुलं ज्यू समाजाबाहेरची आहेत, कारण समाजच आटला. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. विसाव्या शतकाच्या मध्यात वीस हजारांच्या आसपास असलेला हा समाज आज भारतात काही हजारांवर आला आहे. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला.

मग अडचण काय?

इंटरनेटवर ज्यू बालवाडीच्या कृती शोधल्या तर बहुतेक अमेरिका आणि इस्रायलच्या सापडतात. त्यात खल्ला असतो, भोवरा असतो. मलिदा नसतो.

मलिदा हा बेने इस्रायलांचा खास विधी. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ किंवा साखर, वेलची आणि सोबत फळं असं ताट मांडून एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांचं स्मरण करतात. लग्न, नवस, गृहप्रवेश अशा प्रसंगी तो होतो आणि तू बिश्वात या झाडांच्या सणालाही होतो. अलिबागजवळच्या खंडाळ्यात एका खडकावर एलियांच्या रथाच्या खुणा आहेत, अशी श्रद्धा आहे.

बालवाडीसाठी याहून चांगली कृती कोणती? पोहे धुवायचे, ते फुगताना बघायचे, गूळ कुस्करायचा, खोबरं कालवायचं. ज्यू नियमांत झाडाच्या आणि जमिनीच्या फळांचे आशीर्वाद वेगळे असतात, म्हणून फळांच्या दोन राशी करायच्या. केळं कुठे जाईल? जमिनीच्या राशीत, कारण केळीला लाकडी खोड नसतं. इथे वनस्पतिशास्त्र आलं आणि धर्मही आला.

शब्बाथला वाइनऐवजी मनुकांचं सरबत करायची पद्धतही अशीच. मनुका पाण्यात टाकायच्या, काही तासांनी टम्म फुगलेल्या बघायच्या आणि मग कुस्करून गाळायच्या.

बाकीच्यांनी यातून काय घ्यायचं?

१९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. महागड्या माँटेसरी साधनांऐवजी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं असं आजूबाजूचं साहित्य वापरलं. बेने इस्रायल घरांतही शिकवण्याचं साहित्य आजूबाजूचंच होतं.

तुमच्या घरी मोदक होत असतील, शीरखुर्मा होत असेल किंवा नाताळच्या करंज्या होत असतील. त्या दिवशी मुलाला स्वयंपाकघराबाहेर पाठवू नका. विळी आणि गॅस मोठ्यांकडे ठेवा, मळणं, मोजणं आणि निवडणं मुलाकडे द्या. पीठ सांडेल, वेळ दुप्पट लागेल. पण करता करता मूल "हे असंच का करायचं?" असं विचारेल, आणि तेव्हा उत्तर द्यायला घरात कुणीतरी जवळ असेल.