राजवाड्यांच्या मागे धुळ्यात

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी आमच्या धुळ्यात वारले. पत्नी ऐन तारुण्यात गेली होती, दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. सारी हयात गावोगावची दप्तरं धुंडाळण्यात गेली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड त्यांच्या नावावर आहेत, पण जुने कागद, पोथ्या, टिपणं, शब्दांच्या व्युत्पत्तींची बाडं असं न छापलेलंही पुष्कळ होतं. लिहिणारा गेला की असे कागद माळ्यावर जातात आणि घर आवरताना रद्दीत निघतात.

धुळेकरांनी तसं होऊ दिलं नाही. 1927च्या जानेवारीतच भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. एकट्या वारसाच्या हाती कागद राहिले, तर ते त्याच्या आयुष्याइतकेच टिकतात. इथे अख्ख्या गावानं वारसा पत्करला.

पण कागद राखणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं कृ. पां. कुलकर्णी यांनी केलं. त्यांनी संपादित केलेला राजवाड्यांचा मराठी धातुकोश मंडळानं 1937 साली काढला आणि नामादिशब्द-व्युत्पत्तिकोश 1942 साली. मी मराठीचा मास्तर. हा दुसरा कोश वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर आहे. शब्द, चौकटी कंसात त्याचं मूळ आणि पुष्कळ नोंदींच्या शेवटी बारीकसं ‘भा. इ. 1832’. म्हणजे ही व्युत्पत्ती भारत इतिहास संशोधक मंडळाच्या शके 1832च्या, 1910 सालच्या इतिवृत्तातली. कुठला शब्द राजवाड्यांनी कुठे मांडला होता, याचा माग संपादकानं असा जागच्या जागी ठेवला आहे.

कुलकर्णी स्वतः भाषाशास्त्रज्ञ होते. राजवाड्यांच्या कितीतरी व्युत्पत्ती पुढच्या अभ्यासकांना पटलेल्या नाहीत. तरीही राजवाड्यांचा कोश राजवाड्यांच्याच नावानं आला. कुलकर्ण्यांचा स्वतःचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ त्यानंतर, 1946 साली निघाला. आधी दुसऱ्याचं हातावेगळं केलं, मग स्वतःचं. या क्रमाबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

पुढे नव्वदच्या दशकात मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचं समग्र साहित्य धुळ्याच्या राजवाडे मंडळानंच प्रसिद्ध केलं. माणूस जाऊन सत्तर वर्षं होत आली होती, पण काम चालूच होतं.

कुणा लेखकाचे कागद तुमच्या घरी आले, तर ते नुसते कपाटात पुजू नका. प्रत्येक बाडावर साल घाला, कुठून आलं ते लिहा, त्यांचे शब्द आणि तुमचे शब्द वेगळे ठेवा. मग एखाद्या संस्थेच्या हवाली करा. छापणारा उद्या येईल. त्याला हाती काही सापडलं पाहिजे.