मोबाइल डेटाचा अनपेक्षित वापर

स्मार्टफोनधारकाच्या अंदाजापेक्षा जास्त, आणि पुष्कळदा त्याच्या नकळत, मोबाइल इंटरनेट खर्च होणे. ‘काहीच पाहिलं नाही, तरी नेट संपलं’ ही त्याची नेहमीची तक्रार. प्रीपेड ग्राहकाचा दिवसाचा कोटा दुपारीच संपतो आणि वेग उतरतो. पोस्टपेडवर किंवा परदेशात रोमिंगवर असताना बिलच फुगते. फोनमध्ये डेटा खर्च करणारे अनेक असतात: ऑपरेटिंग सिस्टिम, अ‍ॅप, त्यांतल्या जाहिराती. बिलासाठी मोजमाप मात्र मोबाइल कंपनीचेच धरले जाते आणि पैसे ग्राहक भरतो. खर्च करणारा, मोजणारा आणि पैसे भरणारा हे तिघे वेगळे असल्यामुळे जबाबदारी कोणाची, हा वाद उभा राहतो.

आपोआप सुरू होणारे व्हिडिओ, फोटोंचा बॅकअप, अ‍ॅपचे अपडेट आणि चालू राहिलेला हॉटस्पॉट ही रोजची कारणे. ती सेटिंगमध्ये जाऊन आवरता येतात. वाय-फाय आहे असे समजून वापर चालू असताना फोन मोबाइल डेटावर गेलेला असणे, हे कारण सहज लक्षात येत नाही. अ‍ॅपलने सप्टेंबर २०१५ मध्ये आणलेल्या आयओएस ९ मध्ये ‘वाय-फाय असिस्ट’ ही सोय होती. वाय-फाय क्षीण झाले की फोन स्वतःहून मोबाइल डेटाकडे वळे, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली होती. पुढच्याच महिन्यात कॅलिफोर्नियात अ‍ॅपलविरुद्ध ५० लाख डॉलरहून अधिक रकमेचा सामूहिक दावा दाखल झाला. ‘ग्राहकाने सेटिंग पाहायला हवे होते’ हे उत्तर अशा ठिकाणी अपुरे पडते. जे बटण ग्राहकाने कधी दाबलेच नाही, ते त्याने निवडले होते असे म्हणता येत नाही.

काही वेळा खर्च सरळ फसवणुकीचा असतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये ओरॅकल कंपनीने ‘ड्रेनरबॉट’ नावाचा प्रकार उघडकीस आणला. साध्या दिसणाऱ्या अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये दडवलेला कोड जाहिरातींचे व्हिडिओ गुपचूप उतरवून घेई. ते पडद्यावर दिसतही नसत, पण महिन्याला १० जीबीहून अधिक डेटा त्यात जाऊ शके.

मोजणाऱ्या कंपनीवर ठपका आल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेतल्या व्हेरायझन वायरलेसचे. डेटा पॅक न घेतलेल्या ग्राहकांच्या बिलात नोव्हेंबर २००७ पासून एका मेगाबाइटला १.९९ डॉलर या दराने आकारणी होत राहिली. फोनमध्ये आधीच घातलेले गेम आणि अयशस्वी ठरलेली जोडणी यांसाठीही पैसे लागले होते. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या चौकशीनंतर ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने सरकारी तिजोरीत अडीच कोटी डॉलर भरायचे आणि सुमारे दीड कोटी ग्राहकांना किमान ५ कोटी २८ लाख डॉलर परत करायचे मान्य केले. युरोपीय संघाने त्याच वर्षी १ जुलैपासून वेगळा उपाय केला: परदेशी रोमिंगवर डेटाचे बिल ५० युरोपर्यंत पोचले की सेवा थांबवायची, ग्राहकाने वेगळी मर्यादा मागितली नसेल तर. दोष कोणाचा हे ठरण्याआधीच नुकसानीला बांध घालणारा हा नियम अधिक शहाणा म्हणावा लागेल.

ऑपरेटिंग सिस्टिमची जबाबदारी ठरवणारा मोठा खटला गूगलविरुद्धचा. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा काउंटीत तो दाखल झाला. मूळ सेटिंग तशीच ठेवलेला, नवे खाते जोडलेला आणि नुसता पडून असलेला सॅमसंग गॅलॅक्सी एस७ फोन दिवसाला ८.८८ एमबी मोबाइल डेटा खर्च करतो आणि त्यातली ९४ टक्के देवाणघेवाण गूगलशीच होते, असे वादींचे म्हणणे होते. महिन्याला हे सुमारे २६६ एमबी होतात. वाय-फाय मिळेपर्यंत थांबता आले असते अशी माहितीही ग्राहकाच्या खर्चाने गेली, हा आक्षेपाचा गाभा. विकत घेतलेला डेटा ही ग्राहकाची मालमत्ता आहे आणि ती परवानगीवाचून वापरली गेली, अशी दाव्याची मांडणी होती. जुलै २०२५ मध्ये ज्यूरीने राज्यातल्या अंदाजे १ कोटी ४० लाख अँड्रॉइडधारकांसाठी ३१ कोटी ४६ लाख डॉलरची भरपाई ठरवली. सेवेच्या अटी ग्राहकांनी मान्य केल्या होत्या, असा गूगलचा बचाव होता; कंपनीने अपील करण्याचे जाहीर केले.

भारतात जिओच्या सप्टेंबर २०१६ मधल्या आगमनानंतर डेटा स्वस्त झाला आणि प्रीपेड ग्राहकाचा धक्का बिलावरून दिवसाच्या कोट्यावर सरकला. त्याआधीच, २०१५ मध्ये, दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्राय) ग्राहक संरक्षण नियम कडक केले होते. ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करता येत नाही. १९२५ या निःशुल्क क्रमांकावरून ती सुरू किंवा बंद करता येते. पॅक ५०, ९० आणि १०० टक्के संपल्यावर तसे कळवावे लागते. मात्र डेटा कोणत्या अ‍ॅपने खाल्ला, हे या संदेशात नसते. ते फोनच्या सेटिंगमधल्या ‘डेटा वापर’ या पानावर दिसते. तिथे एकेका अ‍ॅपचा पडद्यामागचा, म्हणजे ‘बॅकग्राउंड’ वापर वेगळा दाखवलेला असतो. फोनमधले महिन्याचे चक्र बिलाच्या तारखेशी जुळवून घेतले नाही तर दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. तक्रार करायची तर त्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा; ग्राहकाच्या हाती असलेला तोच पुरावा.

तक्रार आधी कंपनीच्या १९८ क्रमांकावर, मग कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे न्यायची असते. ट्राय वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करत नाही. टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद असल्यामुळे ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले होते. ती वाट १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालाने मोकळी झाली. एरवी महिन्याला सरासरी ५५५ रुपये बिल येणाऱ्या अहमदाबादच्या एका पोस्टपेड ग्राहकाला २०१३ मध्ये २४,६०९ रुपये ५१ पैशांचे बिल लागले होते. त्याची तक्रार ऐकण्याचा अधिकार ग्राहक मंचाला आहे, असे न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या या प्रकरणात स्पष्ट केले. बिलाच्या रकमेपासून तिथवर पोचायला आठ वर्षे लागली, आणि ठरला तो फक्त तक्रार कुठे करायची हा प्रश्न.