ॲनालॉग प्रक्षेपणाची अखेर

ॲनालॉग प्रक्षेपणाची अखेर : ध्वनी आणि चित्र यांच्या चढउताराबरहुकूम बदलत जाणाऱ्या रेडिओलहरींवर चालणारे दूरचित्रवाणी व नभोवाणीचे प्रक्षेपण थांबवून त्याऐवजी डिजिटल प्रक्षेपण आणण्याची जगभरची प्रक्रिया. विसाव्या शतकातले जवळजवळ सगळे रेडिओ आणि टीव्ही ॲनालॉग पद्धतीवर चालले. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हा बदल एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पुष्कळशा देशांत उरकला. नभोवाणीच्या बाबतीत तो रेंगाळला आहे, आणि तो रेंगाळला हे बरेच झाले, असे म्हणायला भक्कम कारणे आहेत.

मीडियम वेव्ह रेडिओत वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होते. एफएममध्ये उंची तीच राहते, वारंवारता बदलते. ॲनालॉग टीव्हीत चित्र पहिल्या पद्धतीने जाई आणि आवाज दुसऱ्या. भारताने स्वीकारलेल्या ‘पाल’ पद्धतीत चित्र 625 आडव्या रेषांचे असे आणि सेकंदाला अशी 25 चित्रे जात. डिजिटल पद्धतीत हेच चित्र आकड्यांत बदलतात, त्यातला पुन्हापुन्हा येणारा भाग गाळतात आणि वाटेत झालेल्या चुका सुधारण्याची सोय जोडून ते पाठवतात. एका ॲनालॉग वाहिनीला जेवढी जागा लागे तेवढ्यात त्यामुळे अनेक वाहिन्या मावतात.

प्रेक्षकाच्या दृष्टीने या दोन पद्धतींतला मोठा फरक संकेत क्षीण झाल्यावर कळतो. ॲनालॉग चित्र बिघडत जाई, पण जात नसे. आधी पडद्यावर मुंग्या येत, मग रंग उडत, मग डोंगरावरून किंवा उंच इमारतीवरून परतलेल्या लहरींमुळे प्रत्येक माणसाशेजारी त्याची फिकट सावली उभी राही. तरी बातम्या ऐकू येत, धावफलक वाचता येई. त्या मुंग्यांतला अगदी अल्पसा अंश विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या प्रारणाचा असे. ही गोष्ट आपल्या शाळांतून मुलांना टीव्हीसमोर बसवून सांगायला हवी होती. डिजिटल चित्र एका मर्यादेपर्यंत स्वच्छ राहते, आणि ती मर्यादा ओलांडली की चौकोन पडून थिजते व नाहीसे होते. मधली पायरी तिथे नाही.

ॲनालॉग काळाचा दुसरा गुण त्याहून महत्त्वाचा. त्या काळात जुन्या संचाला सांभाळून घेतले जाई. 1982 मध्ये दूरदर्शन रंगीत झाले तेव्हा काळे-पांढरे संच बाद झाले नाहीत. रंगाची माहिती अशा रीतीने गुंफली होती की जुना संच ती सोडून देई आणि चित्र दाखवी. एफएम स्टिरिओ झाले तेव्हा एका स्पीकरचे रेडिओही तसेच वाजत राहिले. ब्रिटनमधली 405 रेषांची जुनी पद्धत 1985 मध्ये बंद झाली, पण तोवर बहुतेक घरे 625 रेषांकडे वळलेली होती. डिजिटल बदलात मात्र घरातला चालू, धडधाकट संच एका ठरावीक तारखेला निकामी होणार होता, आणि तोही कोट्यवधी घरांतला. म्हणून सेट-टॉप बॉक्सचे पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न या इतिहासात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे.

मोठ्या शहरांत बर्लिन पुढे होते. तिथले ॲनालॉग प्रक्षेपण 2003 मध्येच थांबले. संपूर्ण देश म्हणून पहिला मान लक्झेंबर्गचा, 1 सप्टेंबर 2006. त्याच वर्षी 11 डिसेंबरला नेदरलँड्स. या छोट्या, दाट केबल असलेल्या देशांत हवेतून टीव्ही पाहणारे लोक थोडेच होते, त्यामुळे फारसा गलका झाला नाही. 2006 मध्येच जिनिव्हा येथे झालेल्या करारात युरोप, आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या देशांसाठी 17 जून 2015 ही तारीख ठरली. त्या दिवसानंतर शेजारच्या देशाच्या डिजिटल प्रक्षेपणापासून ॲनालॉग वाहिन्यांना संरक्षण मिळणार नव्हते. पुष्कळ देशांना ती तारीख पाळता आली नाही.

अमेरिकेने 17 फेब्रुवारी 2009 ही तारीख ठरवली होती. जुने संच असलेल्या कुटुंबांना सरकार परिवर्तक पेटीसाठी प्रत्येकी 40 डॉलरची दोन कुपने देत होते. कुपनांचा निधी संपला, मागणी करणाऱ्यांची रांग वाढली, आणि संसदेला कायदा करून तारीख 12 जूनपर्यंत पुढे ढकलावी लागली. हवाई बेटांवर मात्र हे काम जानेवारीतच उरकले, आणि त्याचे कारण एक पक्षी होता. माउई बेटावरील हालेआकाला पर्वताच्या माथ्याजवळ जुने मनोरे होते. तिथे बिळे करून राहणाऱ्या दुर्मीळ पेट्रेल पक्ष्यांचा विणीचा हंगाम सुरू होण्याआधी ते मनोरे पाडायचे होते, म्हणून 15 जानेवारी 2009 रोजी सारे राज्य एकदम डिजिटल झाले. पूर्ण क्षमतेची केंद्रे गेली तरी अमेरिकेतली कमी शक्तीची स्थानिक ॲनालॉग केंद्रे पुढे बारा वर्षे, जुलै 2021 पर्यंत चालू होती.

ब्रिटनने घाई केली नाही. ऑक्टोबर 2007 मध्ये वायव्य इंग्लंडमधील व्हाइटहेवन या गावापासून सुरुवात करून एकेक प्रदेश घेत 24 ऑक्टोबर 2012 रोजी उत्तर आयर्लंडमध्ये शेवट केला. 75 वर्षांवरील आणि अपंग व्यक्तींच्या घरी माणूस पाठवून जोडणी करून देण्याची योजना होती. सार्वजनिक सेवा बदलायची तर हीच रीत योग्य. जपानने 24 जुलै 2011 ही तारीख पाळली, पण मार्चमधल्या भूकंपाने आणि त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या इवाते, मियागी आणि फुकुशिमा या तीन प्रांतांना 31 मार्च 2012 पर्यंत मुदत वाढवून दिली.

भारतात दूरचित्रवाणी 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 चे. वरळीच्या 300 मीटर उंच मनोऱ्यावरून ‘आमची माती, आमची माणसं’ सारखे कार्यक्रम निघत. 1973 मध्ये सिंहगडावरचा सहक्षेपक सुरू झाला आणि मुंबईचे चित्र पुण्यात आले. गड, घाटमाथे आणि पठारे हे महाराष्ट्राच्या दूरचित्रवाणीचे खरे खांब होते. मराठवाड्यात म्हैसमाळ आणि अंबाजोगाई इथले उंच मनोरे कित्येक कोस दुरून दिसत, आणि घरांवरच्या अँटेना त्यांच्याकडे तोंड करून उभ्या असत. 1983 मध्ये इन्सॅट-1बी उपग्रह आल्यावर दिल्लीचे चित्र कुठेही उतरवून स्थानिक प्रक्षेपकाने फेकणे शक्य झाले. 1984 मध्ये तर देशात जवळपास दिवसाला एक या वेगाने प्रक्षेपक उभे राहिले. त्यांतले पुष्कळसे अवघ्या 100 वॅटचे होते. एका तालुक्याच्या गावाला आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांना पुरावे एवढाच त्यांचा आवाका. पुढे देशभरातल्या अशा लहानमोठ्या प्रक्षेपकांची संख्या सुमारे 1400 झाली.

हे जाळे विझले ते मात्र निमूटपणे. 2017-18 पासून प्रसार भारतीने प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. ऑक्टोबर 2021 मध्ये उरलेल्यांचे वेळापत्रक जाहीर झाले : 31 ऑक्टोबरपर्यंत 152, 31 डिसेंबरपर्यंत 109 आणि 31 मार्च 2022 पर्यंत 151. मोक्याच्या ठिकाणचे सुमारे 50 तेवढे राखायचे ठरले. देशाला एकच एक अखेरचा दिवस असा नव्हता, उलटगणती नव्हती, कुपने नव्हती. कारण उघड आहे. नव्वदच्या दशकात केबल आली, मग डीटीएच आले, आणि अँटेनावर टीव्ही पाहणारे घर अपवादाचे झाले. दूरदर्शनची स्वतःची उपग्रह सेवा 16 डिसेंबर 2004 रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली. तीच आजची ‘डीडी फ्री डिश’. छत्री आणि पेटी एकदा घेतली की दरमहा काही भरावे लागत नाही, आणि सह्याद्री वाहिनीही तीवर मिळते. चाळीस वर्षे ज्या मनोऱ्याखाली तंत्रज्ञांनी पाळ्या केल्या, तो बंद होताना त्याची दखल घेणारा एखादा जाहीर कार्यक्रम गावोगावी व्हायला हवा होता. त्या प्रक्षेपकांनी गावाला पहिले हलते चित्र दाखवले होते.

एक संधी मात्र वाया गेली. फेब्रुवारी 2016 मध्ये दूरदर्शनने 16 शहरांत हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्यांत मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद होते. छत्री नको, वायर नको, साध्या अँटेनावर आणि योग्य जोडणी असल्यास मोबाइलवरही दूरदर्शनच्या वाहिन्या फुकट दिसाव्यात, अशी ती सोय होती. पण ती पकडणारे संच दुकानांत दिसले नाहीत, खासगी वाहिन्या तिच्यावर आल्या नाहीत आणि लोकांना तिचा पत्ता लागला नाही. ब्रिटनमध्ये याच मार्गाने ‘फ्रीव्ह्यू’ ही घरोघरची सेवा झाली. आपल्याकडे ॲनालॉगचा वारस जन्मला, पण त्याला कोणी वाढवले नाही.

गलका झाला तो केबलच्या बाबतीत. सर्वसामान्य मराठी घराला ॲनालॉगची अखेर जाणवली ती 2012 आणि 2013 मध्ये, केबलवाल्याने सेट-टॉप बॉक्स घ्यायला सांगितला तेव्हा. ॲनालॉग केबलमध्ये वायर थेट टीव्हीत जाई आणि कोणत्या घरात किती जोडण्या आहेत हे केबलवाल्याखेरीज कोणालाच कळत नसे. वाहिन्यांचे पैसे बुडत, सरकारचा करमणूक कर बुडे. 2011 च्या कायदादुरुस्तीने केबल डिजिटल करणे सक्तीचे केले. मुंबईसह चार महानगरांसाठी 30 जून 2012 ही तारीख होती, ती 31 ऑक्टोबरवर गेली. पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर यांच्यासह 38 शहरांचा दुसरा टप्पा 31 मार्च 2013 ला संपायचा होता. उरलेल्या शहरांचा तिसरा टप्पा न्यायालयीन स्थगित्यांत अडकला, आणि ग्रामीण भागाचा चौथा 31 मार्च 2017 पर्यंत लांबला. पेटीचा खर्च ग्राहकावर पडला. अमेरिकेत सरकारने जे ओझे वाटून घेतले ते इथे कुटुंबाच्या महिन्याच्या हिशोबात गेले, आणि त्याबद्दल फारसे कोणी बोलले नाही.

सरकारांना हा बदल हवासा वाटण्याचे मोठे कारण लहरींच्या पट्ट्याचे आहे. टीव्हीला दिलेल्या वरच्या पट्ट्यातल्या, म्हणजे 700 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी भिंतींतून आत शिरतात आणि लांब जातात. मोबाइल सेवेला त्या सोन्याच्या भावाच्या. भारतात हा पट्टा 2016 आणि 2021 च्या लिलावांत विकला गेला नाही. 2022 मध्ये 5जी साठी रिलायन्स जिओने तो देशभर घेतला.

नभोवाणीची गोष्ट वेगळी आहे. नॉर्वेने 11 जानेवारी 2017 रोजी नोर्डलँड प्रांतातील बोडो येथून राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करायला सुरुवात केली आणि 13 डिसेंबरला ते पुरे केले. समुद्राच्या खाड्यांनी आणि डोंगरांनी चिरलेल्या त्या देशात प्रत्येक खोऱ्याला वेगळा एफएम मनोरा लागे, म्हणून डिजिटल रेडिओ स्वस्त पडणार होता. तरी मोटारींतल्या लाखो जुन्या संचांमुळे विरोध झाला, आणि स्थानिक केंद्रे एफएमवरच राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक नभोवाणीने 2024 च्या अखेरीस एफएम सोडले. तिचे श्रोते लक्षणीय घटले. दीर्घलहरींवरची केंद्रेही एकेक करून मिटली. फ्रान्सने 2016 च्या शेवटी, आयर्लंडने एप्रिल 2023 मध्ये. आयर्लंडला हे काही वर्षे आधीच करायचे होते, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वृद्ध आयरिश स्थलांतरितांनी घरचा रेडिओ तुटेल म्हणून हरकत घेतली आणि निर्णय लांबला.

भारतात संघटित नभोवाणीची सुरुवात 23 जुलै 1927 रोजी मुंबईत झाली. गदिमा आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ 1955 मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक गीत अशा रीतीने मीडियम वेव्हवर गेले. या लहरींचे गुण साधे आणि विलक्षण आहेत. दिवसा त्या जमिनीला धरून जातात, खाऱ्या पाण्यावरून तर आणखी दूर. रात्री आयनांबरावरून परतून हजार मैल ओलांडतात. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून दूर गेलेल्या होडीवर मोबाइलची रेंज संपते, तिथे आकाशवाणीचा हवामानाचा इशारा साध्या ट्रान्झिस्टरवर येतो. तारेचे वेटोळे, एक डायोड आणि कानाला लावायचे यंत्र एवढ्या सामानावर बॅटरीशिवायही जवळचे केंद्र ऐकता येते. डिजिटल रेडिओला हे जमणार नाही.

आकाशवाणीने 35 मीडियम वेव्ह प्रक्षेपकांना ‘डीआरएम’ या डिजिटल पद्धतीची जोड दिली. एकच प्रक्षेपक ॲनालॉग आणि डिजिटल दोन्ही चालवू शकतो. काही मोटारींत ती पकडणारे संच आले, पण शेतमजुराला परवडेल असा संच बाजारात आला नाही. दरम्यान ॲनालॉगची छाटणीही चालूच राहिली. नागपूरच्या 1000 किलोवॅट प्रक्षेपकावरून 1988 पासून रात्रभर देशभर ऐकू जाणारी आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी डिसेंबर 2018 च्या आदेशाने बंद झाली. बीबीसी हिंदीचे शॉर्ट वेव्ह प्रक्षेपण 31 जानेवारी 2020 ला थांबले. रात्रपाळीचा पहारेकरी, ट्रकचालक आणि सीमेवरचा जवान हे त्या वाहिन्यांचे श्रोते. त्यांचा विचार निर्णयाच्या शेवटी नव्हे, आधी व्हायला हवा होता.

एफएम भारतात 1977 मध्ये चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये आले आणि आजही ते ॲनालॉगच आहे. खासगी केंद्रे, आकाशवाणीची एफएम केंद्रे आणि सामुदायिक केंद्रे सगळी त्याच पद्धतीवर चालतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर 2025 मध्ये मोठ्या शहरांत, मुंबई, पुणे आणि नागपूर यांसह, खासगी डिजिटल रेडिओ सुरू करण्याची शिफारस केली. तीत डिजिटल वाहिन्या ॲनालॉगसोबतच चालवायच्या आहेत. एफएम बंद करण्याची तारीख त्या शिफारशींत नाही.