एकसष्टचे कोडे आणि पळीभर तेल

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० साली, सिद्धांतशिरोमणी रचला. त्यातील बीजगणितात एक प्रश्न आहे. अशी पूर्ण संख्या सांगा की, तिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा. शून्य अर्थातच चालणार नाही. ६१ च्या जागी ६० असते तर उत्तर ४ आहे. १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. श्रोत्यांना वाटेल, ६१ लाही असेच काही एकअंकी उत्तर असेल. पण सर्वांत लहान उत्तर आहे २२,६१,५३,९८० ! आणि येणारे वर्गमूळ १,७६,६३,१९,०४९.

दर मिनिटास एक संख्या, रात्रंदिवस, अशी तपासणी ११५० साली सुरू केली असती तर ती १५८० च्या सुमारास संपली असती. भास्कराचार्यांनी ती चार ओळींत संपवली. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने जास्त. येथून चक्रवालाचे चाक फिरते. पुढच्याच फेऱ्यात ३९ चा वर्ग १५२१ येतो, तो ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून ४ ने कमी. मग ब्रह्मगुप्ताच्या भावनेने या जोडीचा तिच्याशीच गुणाकार करीत गेले की २९,७१८ आणि ३,८०५ हाती येतात. येथे चूक फक्त १ ची उरते. या दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे आपले उत्तर. कागद-पेन्सिल घेऊन आम्ही हे पडताळले आहे. शाळेतल्या गुणाकारापलीकडे त्यात काही लागत नाही.

ब्रह्मगुप्ताचा ग्रंथ ६२८ चा, चक्रवालात जयदेवाचाही वाटा. तेव्हा हे एकट्याचे काम नव्हे. १६५७ साली फ्रान्सच्या फर्माने यातले काही ठाऊक नसता हेच ६१ निवडून आपल्या देशबांधवांना कोडे घातले. असे उत्तर नेहमी असतेच, हे लाग्रांजने पुढच्या शतकात सिद्ध केले.

भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड म्हणून सांगतात. ते आपले बीडच, असे काही विद्वान मानतात. कोणी चाळीसगावजवळचे पाटण म्हणतात, कोणी विजापूर. या वादासाठी आम्ही काही संप पुकारणार नाही.

आम्हांस त्याहून मोलाचा वाटतो पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने १२०७ च्या सुमारास तेथे मठ उभारला. निकुंभ सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवट जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या व्यवहारातून मठाला काय द्यावे हे त्यात सांगितले असून तेलाच्या घाण्यामागे पळी-पळी तेल लावून दिले आहे. बैल हाकणाऱ्याला वर्गप्रकृती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण ती शिकवणाऱ्या मठाच्या खर्चात त्याच्या घाण्याचा वाटा होता. सोइदेवाचे नाव लेखात आहे, चांगदेवाचे आहे. तेल्याकडून घ्यायचे माप आहे.